सातासमुद्रांपलीकडील भाऊबीज

दिवाळीच्या दिव्यांची गर्दी ओसरूं लागली म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीयेची संध्याकाळ येते. सूर्य मावळून थोडा वेळ झाला कीं पश्चिमेच्या आकाशांत चंद्राची बारीक कोर दिसूं लागते. महाराष्ट्रांत या कोरेला एक विशेष मान आहे. ज्या बहिणीला भाऊ नाहीं, किंवा जिचा भाऊ त्या दिवशीं दूर आहे, ती अंगणांत येऊन निरांजनाच्या तबकानें चंद्राला ओवाळते. आईनें ज्याला भाऊ मानलें तो मुलांचा मामा. म्हणून चांदोबाशीं घरोघरच्या मुलांचें तेंच नातें लागतें.

लंडन शहरांत राहणाऱ्या मराठी बहिणीला मात्र हा भाऊही सहजासहजीं भेटत नाहीं. तें शहर उत्तरेस साडेएकावन्न अंशांवर आहे. तितक्या उत्तरेस शरद ऋतूच्या संध्याकाळीं चंद्राचा मार्ग पश्चिम क्षितिजाशीं अगदीं तिरपा होतो. त्यामुळें द्वितीयेची कोर उंच चढत नाहीं; सूर्यापाठोपाठ छपरांआड जाते. त्यांत नोव्हेंबरांतलें ढगाळ आकाश! तीच कोर मॉरिशसमध्यें मात्र चांगली वर, स्पष्ट दिसते; कारण दक्षिण गोलार्धांत त्या वेळीं चंद्राचा मार्ग उभा असतो. इ. स. १८३४ नंतरच्या काळांत उंसाच्या मळ्यांवर मजुरीसाठीं गेलेल्या मराठी माणसांचे वंशज त्या बेटावर आज नांदत आहेत. एकच तिथि, एकच चंद्र. परंतु कोणाला तो भेटतो, कोणाला भेटत नाहीं. परदेशांतील भाऊबिजेची सारी कथा या एका गोष्टींत सांठवलेली आहे.

या सणाचें मर्म काय, हें प्रथम नीट पाहिलें पाहिजे. राखीपौर्णिमा आणि भाऊबीज हे दोन्ही सण बहीणभावांचेच; परंतु दोहोंत एक भेद आहे. राखी पाठवितां येते. भाऊबिजेला भावाला स्वतः जावें लागतें. या तिथीला शास्त्रकारांनीं यमद्वितीया म्हटलें आहे. यमधर्म हा असा देव कीं, त्याला आपल्या घरीं कोणीही बोलावीत नाहीं आणि तो आपण होऊन आला तर कोणाला आनंद होत नाहीं. त्याच्या कामाला सुटीही नाहीं. अशा यमाला त्याची बहीण यमुना हिनें जेवावयास बोलाविलें आणि तो गेला. तिनें त्याला न्हाऊं घातलें, जेवूं घातलें, ओवाळलें. त्यानें संतुष्ट होऊन वर दिला कीं, या दिवशीं जो भाऊ बहिणीच्या हातचें जेवील त्याला माझें भय राहणार नाहीं. म्हणून या दिवशीं पुरुषानें आपल्या घरीं जेवूं नये, बहिणीच्या घरीं जेवावें, असा संकेत पडला. साडी, दागिना, पैसा ही ओवाळणी मागाहून आली. मूळ दान तें भावाच्या येण्याचें. आपलें काम बाजूला ठेवून, वाट चालून, बहिणीच्या उंबऱ्याशीं उभें राहणें, हीच खरी भाऊबीज.

मग ज्याला वाट चालतांच येत नाहीं त्यानें काय करावें? आपल्या धर्मनिबंधकारांनीं ही अडचण ओळखली होती. सख्खी बहीण नसेल तर चुलतबहीण, मामेबहीण, तीही नसेल तर मित्राची बहीण, तीच बहीण मानून तिच्या हातचें जेवावें, अशी सोय त्यांनीं करून ठेविली आहे. रक्ताचें नातें नसलें तरी मानलेलें नातें चालतें, ही सवलत जुन्याच ग्रंथांतली आहे. परदेशांतील मराठी समाजानें ती केवळ मन लावून वापरली, इतकेंच.

विलायतेस जाणाऱ्या पहिल्या पिढ्यांतील मराठी माणसें बहुधा विद्यार्थी होतीं. इ. स. १८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाला, तरीही मुंबईहून लंडन गांठण्यास दोनतीन आठवडे लागत. दसऱ्याच्या सुमारास टपालांत पडलेलें पत्र भाऊबिजेच्या आंतबाहेर पोहोंचावयाचें. पाकिटांत चिमूटभर कुंकू आणि चार अक्षता कागदाच्या पुडींत बांधून घालावयाच्या आणि भावानें त्या आपल्याच हातानें कपाळीं लावून घ्यावयाच्या, एवढीच ती भाऊबीज. इ. स. १९३२ सालीं कराची-मुंबई हवाई टपाल सुरू झालें आणि लंडनच्या हवाई मार्गाशीं मुंबई जोडली गेली. पत्राचे आठवडे कमी झाले. त्याच वर्षीं लंडन येथें महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. परदेशांतील मराठी मंडळांत हें सर्वांत जुनें समजलें जातें. वायव्य लंडनमधील डॉलिस हिल या भागांत आज त्याची स्वतःची वास्तु आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर माणसांची जात पालटली. इ. स. १९४८ मध्यें ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि पुढील दोन दशकांत भारतांतून पुष्कळ डॉक्टर तिकडे गेले. त्यांत मराठीही होते. शतकाच्या अखेरीस संगणकाच्या विद्येंत निष्णात अशी तरुण मंडळी गेलीं. विद्यार्थी परत येण्यासाठीं जात असे. हीं माणसें संसार मांडण्यासाठीं गेलीं. याचा परिणाम भाऊबिजेवर झाल्यावांचून राहिला नाहीं. पूर्वीं दूर असे तो एकटा भाऊ. आतां बहीणही दूर गेली. आणि कित्येक घरांत तर एक भावंड लंडनला, दुसरें अमेरिकेंत आणि आईबाप पुण्यास किंवा सांगलीस, अशी त्रिस्थळी यात्रा झाली.

तेथील दिवाळीच्या सरबराईचें वर्णन ऐकतांना हंसूं येतें आणि कौतुकही वाटतें. सूर्य लवकर मावळतो. दारापुढें पावसाची रिपरिप, म्हणून रांगोळी उंबऱ्याच्या आंत, बोळांत काढावयाची. आकाशकंदील बाहेर टांगला तर वाऱ्यानें फाटावयाचा, म्हणून तो खिडकीच्या कांचेमागें. तूप करावयाचें तें बाजारांतील बिनमिठाचें लोणी कढवून. अनारशांसाठीं भिजत घातलेले तांदूळ थंडीमुळें लवकर आंबत नाहींत. चकलीची भाजणी आणि सोऱ्या हे मात्र वेम्ब्लीच्या गुजराती दुकानदाराकडे चटकन् मिळतात. या दुकानदारांपैकीं कित्येकांचीं घराणीं पूर्व आफ्रिकेंतून, कांहीं तर इ. स. १९७२ च्या युगांडांतील हद्दपारीनंतर, तेथें आलेलीं. त्यांची भाईबीज आणि मराठी माणसाची भाऊबीज एकाच दिवशीं. बंगाली शेजाऱ्याची भाईफोंटा आणि नेपाळी शेजाऱ्याची भाईटीका हीही त्याच तिथीची. देशांत जीं माणसें एकमेकांचे सण नांवानेंही ओळखीत नव्हतीं, तीं परक्या गांवांत एकाच दुकानांत, एकाच सुपारीसाठीं उभीं राहतात.

फटाक्यांची चिंता नाहीं. पांच नोव्हेंबरला इंग्रज लोकांचा स्वतःचाच दारूकामाचा सण असल्यामुळें त्या दिवसांत फटाके दुकानांतून विकावयास असतात. आणि एरवीं रात्रीं अकराला थांबणारें दारूकाम दिवाळीच्या रात्रीं एकपर्यंत चालूं देण्याची सवलत तेथील इ. स. २००४ च्या नियमांनीं दिली आहे. अडचण येते ती निरांजनाची. घराच्या छताला धूर ओळखणारें यंत्र बसविलेलें असतें. बहीण भावाला ओवाळूं लागली, कापूर जरा मोठा पेटला, कीं तें यंत्र असें किंचाळतें कीं भाऊ पाटावरून उठून टॉवेल हलवीत त्याच्याखालीं उभा राहतो. मुलांना हा त्या दिवसाचा सर्वांत आवडता विधि वाटतो!

दुसरी अडचण दिवसाची. यमद्वितीया अपराह्णीं पाहिजे असा नियम आहे. दिवसाचे पांच भाग केले तर त्यांपैकीं चौथा तो अपराह्ण. लंडनमध्यें नोव्हेंबरच्या आरंभीं दिवस अवघा साडेनऊ तासांचा; म्हणजे अपराह्ण साधारण पाऊण वाजल्यापासून अडीच वाजेपर्यंत. तिथि ही साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणीं लागते, परंतु घड्याळें निराळीं असतात. मुंबईस मंगळवारीं सायंकाळीं द्वितीया लागली, तर तेथील अपराह्ण टळून गेलेला असतो. म्हणून भाऊबीज बुधवारीं. लंडनास त्या वेळीं मंगळवारची दुपार, अपराह्ण नुकता सुरू होणार. म्हणून तेथील भाऊबीज मंगळवारीं. अशा वेळीं पुण्याचें पंचांग भिंतीला टांगून लंडनचा सण करणाऱ्या घरांत वाद माजतो. आणि मंगळवार असो वा बुधवार, कचेरीला सुटी नाहींच. म्हणून शेवटीं बहुतेक घरें शास्त्राला नमस्कार करून रविवार पकडतात.

त्या रविवारीं सारीं परिचित कुटुंबें एका घरीं किंवा एखाद्या सभागृहांत जमतात. ज्याला बहीण आहे तो बहिणीपुढें बसतो; ज्याला नाहीं तो मित्राच्या बहिणीपुढें. पहिल्याच वर्षीं आलेला विद्यार्थी कोपऱ्यांत संकोचून उभा असतो, एखादी प्रौढ गृहिणी त्याला म्हणते, “बस रे पाटावर, माझा भाऊ कोल्हापूरला आहे, आज तूंच तो.” त्या मुलाची ओवाळणी लहान असते, परंतु तबकांत ती टाकतांना त्याचा हात कांपतो. वर्षभर जी भाषा त्यानें केवळ फोनवर ऐकली ती त्या दिवशीं समोर उभी राहून त्याला वाढीत असते. या मानलेल्या नात्यांतील कित्येक पुढें सख्ख्याहून टिकतात. आजारपणांत, बाळंतपणांत, नोकरी सुटल्यावर जो दारांत येतो तो हाच भाऊ असतो. आपल्या निबंधकारांनीं दिलेली सवलत किती दूरदर्शी होती, याचें प्रत्यंतर येथें येतें.

परंतु मानलेलें नातें मिळालें म्हणून सख्ख्या नात्याचा हिशेब मिटत नाहीं. या दिवशीं यमाबरोबर चित्रगुप्ताचेंही पूजन सांगितलेलें आहे. चित्रगुप्त हा हिशेब ठेवणारा. प्रेमाच्या सणाला हिशेबनिसाची पूजा कशासाठीं, असा प्रश्न पडेल. तथापि ज्या घरांतील एक भावंड दूर गेलें आहे त्या घराला हा प्रश्न पडत नाहीं. अशा एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. घर कल्पित आहे, परंतु अनेक श्रोत्यांना तें ओळखीचें वाटेल.

वांईस एक जुनें दोन मजली घर आहे. वडील वारले त्याला तीन वर्षें झालीं. आई पंचाऐंशीच्या घरांत. तिला रात्रीं दोनदां उठवावें लागतें. धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी तिचें सर्व करतात. थोरली बहीण लंडनजवळ हॅरो येथें पंचवीस वर्षें राहिलेली. ती दरमहा आईच्या औषधांसाठीं पैसे पाठविते. भाऊ ते औषधांसाठींच खर्च करतो. दर भाऊबिजेला ती भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर निरांजन धरते. वांईस सायंकाळचे सात वाजलेले असतात तेव्हां तिच्याकडे दुपारचा दीड. कचेरींतून जेवणाच्या सुटींत घरीं येऊन ती ओवाळते आणि परत धांवते.

एका वर्षीं दिवाळीपूर्वीं भावाचें पुडकें आलें. आंत पैठणी होती, आणि पैठणीच्या घडीखालीं कागद होता. घराचें छप्पर काढून नवें बांधावयाचें, बँकेचें कर्ज काढावयाचें, त्यासाठीं घर एकाच्या नांवावर असावें. म्हणून ताईनें आपला हिस्सा सोडल्याचें पत्र करून द्यावें, अशी विनंती होती. तिला येणें शक्य नसेल तर लंडनच्या इंडिया हाउसमधील भारताच्या वकिलातींत मुखत्यारपत्र साक्षांकित करून धाडावें, असेंही वकिलाच्या सांगण्यावरून त्यानें लिहिलें होतें.

महाराष्ट्रांत या व्यवहाराला एक जुनें नांव आहे: बहिणीनें साडीचोळीवर हक्क सोडला. कायदा मात्र केव्हांच पुढें गेला आहे. इ. स. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मृत्युपत्र न करतां वारलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतींत विधवा, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वांटा दिला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानें इ. स. १९९४ मध्यें, त्या वेळीं अविवाहित असलेल्या मुलींपुरता, मान्य केला; साऱ्या देशासाठीं तो इ. स. २००५ मध्यें आला. आणि त्या सालीं पिता हयात असो वा नसो, मुलीचा हक्क अबाधित आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें इ. स. २०२० मध्यें दिला. म्हणजे कायद्यानें बहिणीला वांटेकरी केलें. रूढि तिला अजून माहेरवाशीणच समजते. आणि भाऊबिजेचें तबक हें या दोहोंच्या मधोमध ठेवलेलें असतें.

ताईला दुःख झालें तें घराचें नव्हे. तिला वांईचें घर विकावयाचें नव्हतें, रहावयाचेंही नव्हतें. तिला बोचलें तें पैठणी आणि कागद एका पुडक्यांत आल्याचें. तिनें दोन दिवस फोन केला नाहीं. तिसऱ्या दिवशीं केला आणि म्हणाली, “अरे, ओवाळणी घ्यायची कीं सही द्यायची, तें तरी वेगळें विचारायचें होतंस.”

भाऊ कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “ताई, तूं रागावशील हें ठाऊक होतं. पण छप्पर गळतं तेव्हां मी आईची कॉट ओढून दुसऱ्या खोलींत नेतों. तूं पैसे पाठवतेस. रात्र नाहीं पाठवतां येत.”

हें वाक्य कोणत्याही वकिलाच्या मसुद्यांत बसणारें नाहीं. दूर गेलेल्या भावंडाचें ऋण यांत सांगितलेलें आहे आणि मागें राहिलेल्याचा अहंकारही यांत आहे. दोघांचेंही खरें होतें. तिचा हक्क खरा होता. त्याची जाग्रणें खरीं होतीं. हक्क सोडल्यानें जाग्रणांची किंमत चुकती होत नाहीं आणि जाग्रणांमुळें हक्क नाहींसा होत नाहीं. हे दोन हिशेब निरनिराळ्या वह्यांत मांडावे लागतात. ते एकाच पानावर मांडूं गेल्यास नातें संपतें.

अशा घरानें काय करावें? पुष्कळ घरीं सही होते आणि पुढच्या भाऊबिजेला फोन थोडा लवकर संपतो. कांहीं घरीं सही होत नाहीं आणि फोनच थांबतो. या कल्पित घरांत तिसरी गोष्ट घडते असें समजावें. बहीण सही करीत नाहीं आणि भांडतही नाहीं. ती रजा काढून दिवाळीला वांईस येते. विमानाचा प्रवास नऊदहा तासांचा. एके काळीं जी वाट तीन आठवड्यांची होती. आल्याबरोबर ती भावाला आणि वहिनीला आठ दिवस कोंकणांत पाठविते आणि आईची रात्र आपल्याकडे घेते. चौथ्या रात्रीं, तिसऱ्यांदां उठल्यावर, त्या वाक्याचा अर्थ तिला कळतो. भाऊ परत येतो तेव्हां भाऊबीज असते. ती त्याला पाटावर बसवून ओवाळते. आणि जेवणें आटोपल्यावर दोघें आईसमोर कागद घेऊन बसतात. घर तिघांच्या नांवावर राहतें. कर्जाला बहीण सहकर्जदार होते. आईच्या रात्रींसाठीं बाई ठेवावयाची आणि तिचा पगार लंडनहून यावयाचा, असें ठरतें. दरवर्षीं कांहीं दिवस ती स्वतः येईल, हेंही ठरतें. पैठणी ती त्याच दिवशीं नेसते. त्यापूर्वीं तिनें ती उलगडलेली नव्हती.

यमाच्या कथेंत भाऊ बहिणीकडे जातो. येथें बहीण भावाकडे आली. परंतु कथेचें मर्म बिघडलें नाहीं. ज्याला कामांतून उसंत नाहीं त्याला जेवूं घालावें, ओवाळावें, एक दिवस त्याचें ओझें उतरवावें, हेंच यमुनेनें केलें होतें. आजच्या काळांत हा उसंत नसलेला यम कधीं परदेशांतील कचेरींत बसलेला असतो, तर कधीं वांईच्या घरांत आईच्या उशाशीं. कोण कोणाकडे जावयाचें हें काळ ठरवील. परंतु कोणी तरी जावयाचें आहे, हें या सणानें ठरवून ठेविलें आहे.

भाऊबिजेच्या ओवाळणीचा असा व्यापक अर्थ महाराष्ट्रानें एकदां ओळखला होता. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं इ. स. १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुढें त्या संस्थेसाठीं भाऊबीज निधि सुरू झाला. दिवाळीच्या दिवसांत कार्यकर्ते घरोघर जाऊन, शिकणाऱ्या अनोळखी बहिणींची ओवाळणी मागत. स्वतः कर्वे सत्तरी उलटल्यावर, इ. स. १९२९ मध्यें, जगाच्या प्रवासास निघाले. इ. स. १९३० च्या डिसेंबरांत ते आफ्रिकेस गेले आणि मोंबासा, युगांडा, झांझिबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पंधरा महिने हिंडून त्यांनीं भारतांतील स्त्रियांच्या शिक्षणाची माहिती लोकांपुढें मांडली. बहीण म्हणजे केवळ आपल्या आईच्या पोटची नव्हे आणि ओवाळणी म्हणजे केवळ साडी नव्हे, हा त्या निधीचा अर्थ होता. परदेशांत स्थिर झालेल्या मराठी माणसाला तो अर्थ आजही उपयोगी पडेल.

लंडनमध्यें जन्मलेलीं मुलें आतां मोठीं होत आहेत. त्यांना ‘ओवाळणें’ या शब्दाला इंग्रजींत नेमका शब्द सांपडत नाहीं आणि तसा तो शोधण्याची गरजही नाहीं. मामाचा चेहरा पडद्यावर दिसतो, आवाज येतो. परंतु निरांजनाची ऊब पडद्यापलीकडे जात नाहीं, हें त्यांना कोणी न शिकवितां कळतें. म्हणून ज्या वर्षीं मामा खरोखरच विमानांतून उतरतो, किंवा आईचें बोट धरून तीं वांईच्या अंगणांत येतात, त्या वर्षीं त्यांना हा सण समजतो. द्वितीयेची कोर त्या अंगणांतून स्वच्छ दिसत असते. आई सवयीनें तबक चंद्राकडे नेऊं लागते, आणि मग हंसून तें खालीं आणते. कारण त्या दिवशीं भाऊ समोर पाटावर बसलेला असतो.